जवाई स्टंपामागे

मुका विकेटकीपर मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तेव्हापासून माझं डोकं जे खाजवायला लागलं ते काही केल्या थांबेना.

कारंज्यात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बॅटी, टेनिसचे बॉल, कॅरमच्या सोंगट्या, शाळांना लागणारे कप. हरभरा निघाला, वावरं मोकळी झाली की आमच्याकडे गावोगाव टेनिस बॉलचे सामने भरतात आणि मंडपात माइकवर बोलायला मला बोलावतात. बायको म्हणते, "तुम्हाले नसत्या चौकशा कराले माणसं लागतात, म्हून जाता तुमी." तिचं म्हणणं खरं आहे. मी नाकारत नाही.

आता कीपर म्हणजे काय, ते सांगतो. मैदानात सगळे एकीकडे तोंड करून उभे असतात, हा एकटा दुसरीकडे. सगळा खेळ त्याला समोरून दिसतो. म्हणून बॉलरला टप्पा तोच सांगणार, फिल्डरला तोच सरकवणार, आणि बॅट्समनच्या कानात काहीबाही सोडून त्याचं चित्तही तोच उडवणार. गावच्या क्रिकेटात तर कीपरचं तोंड हाच अर्धा खेळ. आणि आसेगावचा कीपर सुगत इंगोले बॉल धरायचा, पँटीला पुसायचा आणि बॉलरकडे फेकायचा. चकार शब्द नाही. स्टंपिंग केलं तरी बोट हळूच वर, जणू वर्गात लघवीला जायची परवानगी मागतोय.

हात मात्र सुंदर. टेनिसचा बॉल लेदरसारखा हातात बसत नाही, उसळून पळतो. त्याला हात घट्ट दाखवला की गेला. सुगत ग्लोव्ह्जशिवाय स्टंपाला चिकटून उभा राहायचा आणि बॉल येताना हात असे मागे घ्यायचा, की बॉलला आपण धरले गेलो हे कळतच नसेल. बॅटिंगला सलामीला यायचा, आणि तिथंही एक चमत्कारिक गोष्ट मी पाहिली. दोघांपैकी एक रनआउट होणार अशी वेळ आली की समोरचा पोरगा आपणहून क्रीज सोडून पळायचा आणि आउट व्हायचा. दर वेळी. सुगत कधीच नाही.

मी तर्क करून पाहिले. गळ्याचं दुखणं असेल. काही नवस असेल. पण बौद्ध घरातला माणूस, नवस कशाला करेल? बायको कडक असेल. पण बायको नीलिमा आसेगावच्या दवाखान्यात नर्स, आणि तिच्याइतकी हसरी बाई मी त्या गावात पाहिलेली नाही.

मग एक दिवस रिसोडकडचे एक मास्तर शाळेचे कप घ्यायला दुकानात आले. सुगत मूळचा तिकडचा, एवढं मला ठाऊक होतं. मी सहज म्हणालो, "तुमच्याकडचा एक मुका कीपर आसेगावकडून खेळतो."

"कोण, सुगत?" मास्तर कप खाली ठेवून हसायलाच लागले. "सुगत मुका? बापा! त्याले आमी भोंगा म्हणत होतो. तो कीपिंगले उभा राह्यला की शेजारच्या वावरातले बैल उधळत."

आता सांगा, मला झोप कशी लागावी?

मास्तरांकडून, आणि पुढे खुद्द सुगतकडून, मला कळलं ते असं. लहानपणी मोठ्या भावानं त्याला स्टंपामागं उभं केलं, कारण मागे बाभळीचं बन होतं आणि सुटलेला बॉल आणायला कोणीतरी हवं होतं. काट्यात शिरण्यापेक्षा बॉल धरलेला बरा, हे पोराला लवकर उमगलं. भाऊ बॉलर होता आणि तोंडाचा फाटका. एक बॉल सुटला की सात पिढ्यांचा उद्धार. सुगतही गप्प बसणारा नव्हता, भावाचा बॉल वाकडा पडला की मागून त्याचा उद्धार हा करायचा. अशा भांडणात तो शिकला. वाशीमला कॉलेजात लेदर बॉलवर खेळला, कीपर-बॅट्समन म्हणून जिल्ह्यात नाव झालं. नागपूरला निवडीसाठी दोनदा गेला. दुसऱ्यांदा अगदी शेवटपर्यंत टिकला, पण दुसरा एक कीपर त्याच्यापेक्षा चांगली बॅटिंग करून गेला. "वशिला-बिशिला काही नव्हता काका, तो पोरगा खराच भारी होता," असं सुगत स्वतः सांगतो. असं सांगणारा माणूस मला लगेच आवडतो.

तिथून परत आला, फवारणीचे पंप दुरुस्त करायला शिकला, नीलिमाशी लग्न झालं. नीलिमाची नोकरी तिच्या माहेरीच, आसेगावात लागली. तेव्हा सुगतनं पाने-पकडीचा डबा उचलला आणि बायकोच्या गावात दुकान टाकलं. सासूच्या घराला लागून खोली बांधली. रिसोडकडचे मित्र त्याला चिडवत, "दूर जमाई फूल बराबर, गाव जमाई आधा." पुढची ओळ घरजावयाला गाढव म्हणते, ती सगळ्यांना पाठ असते.

पण आसेगावात झालं उलटंच. तिथं त्याला कोणी अर्धा केला नाही, उलट दुप्पट केला. सासरे उकंडराव जवाई अंगणात आला की बाज सोडून उठून उभे राहत. सासू चंपाबाई त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती आणि आवाज चढवत नव्हती. आणि आमच्याकडे एका घरचा जवाई म्हणजे सगळ्या गावचा जवाई. तो टीममध्ये आला तेव्हा कप्तान होता अश्वजित, म्हणजे त्याचा सख्खा साळा, आणि उरलेले सगळे गावनात्यानं साळेच.

हे सगळं सुगतनं मला माझ्या दुकानात सांगितलं. बॉल घ्यायला आला होता. मी सरळ विचारलं, "गळ्याचं काही दुखणं आहे का तुला?" तो आधी हसला. मग स्टुलावर बसला, आणि एकदा बोलायला लागला तो चहा निवून गेला तरी थांबेना. मास्तरांचा भोंगा मला तिथं ऐकू आला.

"काका, पहिल्याच मॅचले मायाकडून कॅच सुटला. सोपा होता. मी मान खाली घालून उभा, म्हतलं आता पडतात शिव्या. तं उत्कर्ष बॉलर, तो धावत आला आन म्हणते कसा, जाऊ द्या भाऊजी, ऊन डोयात गेलं असंन! ऊन मायामागं होतं!"

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं? मी त्याले बोललो असतो तं तो बोलला असता ना? पण जवायानं साळ्याईले गावासमोर कसं बोलावं? पाहुण्यासारखं राहा लागते. मंग मीही नाही बोललो. तवापासून हे असंच चालून राह्यलं. कॅच सुटला तं ऊन, स्टंपिंग हुकलं तं वारा. चहा आला तं मले खुर्ची, बाकीचे खाली धुऱ्यावर, मातीत. मायासाठी पोट्टे रनआउट होतात काका! मले सांगा, असं कोणी खेळते का?"

मग तो जे बोलला ते ऐकून माझी चेष्टा करायची इच्छाच मेली.

"आता मायं काय चुकते तेच मले समजत नाही. बॉल यायच्या आंधी मी उठून राह्यलो, असं मले वाटते. पण सांगणारं कोणी नाही. भाऊ तिकडं, दूर. मॅच झाल्यावर मी समोरच्या टीमच्या कीपरले जाऊन इचारतो, बावा, मायं काय चुकलं? लोक हासतात." त्यानं बॉल पिशवीत टाकले. "कारंज्याची ही स्पर्धा खेळतो आन बंद करतो. लोकाच्या घरात हात जोडून उभं राहावं तसं स्टंपामागं उभं राहावं नाही वाटत आता."

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, पण कोणावर काढावा तेच कळेना. गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं. तक्रार कशाची करायची?

ती स्पर्धा कारंज्याबाहेरच्या मैदानावर होती. नियम एकच, एक गाव एक टीम, बाहेरचा खेळाडू चालणार नाही. आता आधार कार्ड बघून काही ठरत नाही, निम्म्या पोरांच्या कार्डावर पुणं असतं. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली आहे. सामन्याआधी कप्तान माइकवर येतो, एकेका खेळाडूला पुढं करतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, "हा आमच्या गावचा." खोटं बोलला तर समोर त्याचंच गाव बसलेलं असतं, तेच हसून पाडतं. आजवर या रीतीनं भांडण झालेलं मी पाहिलं नव्हतं.

सेमीफायनलला आसेगावच्या समोर एका तांड्याची टीम होती, कप्तान हेमसिंग. चांगला पोरगा, पण डोळ्यात तेल घालून बसणारा. आसेगावहून टेम्पो भरून माणसं आली होती, बायकाही. चंपाबाई आणि नीलिमा पुढेच बसल्या होत्या.

अश्वजित माइकवर आला. "हा उत्कर्ष, आमच्या गावचा." टाळ्या. असं करत करत सुगतपाशी आला, आणि तिथं त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "आन हे आमचे जवाई. सुगतराव. आमच्या गावाचा मान."

आसेगावकरांनी शिट्ट्या मारल्या. हेमसिंगनं मात्र हात वर केला.

"थांब भाऊ. बाकीच्याईले तू आमच्या गावचा म्हतलं. याईले नाही म्हतलं."

"म्हतलं ना. जवाई म्हतलं."

"जवाई तं आमच्या तांड्याचेही लय हायेत. त्यातला एक तं असे सिक्स मारते का बॉल सापडत नाही. आमी आणला का त्याले?"

मंडपात कुजबुज झाली. खरं तर अश्वजितनं तीन शब्द म्हटले असते की मिटलं असतं. पण त्याच्या तोंडून ते निघेनात. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, त्याचा घाम मला दिसत होता. जवायाला चारचौघांत, आईसमोर, बहिणीसमोर, इतर पोरांच्या रांगेत बसवून "गावचा" म्हणायचं, म्हणजे त्याचा मान काढून घेण्यासारखं वाटत होतं त्याला. बिचारा मान राखता राखता कीपर घालवून बसला.

"म्हण ना," मी हळूच म्हणालो.

"कसं म्हणू काका? ते मोठे हायेत," तो म्हणाला.

कमिटीवाल्यांनी आपसात पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "कप्तान स्वतः म्हणत नाही, तं आमी काय करावं? जवाई बाहेरचेच धरा लागतीन." आणि पाठोपाठ, माणसं चांगली असल्यामुळं, त्यांनी सुगतसाठी मंडपात माझ्या शेजारी खुर्ची टाकली. कोणीतरी त्याच्या हातात थंड पाण्याची बाटली दिली. सुगत येऊन बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं काका. सुटलो." आणि त्याचा चेहरा सुटल्यासारखा मुळीच नव्हता. तो रडायच्या बेतात होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं चंपाबाई उठली. साधी बाई, उन्हानं रापलेली. ती तरातरा मंडपात आली. तिला अध्यक्षांशी बोलायचं होतं, पण ती उभी राहिली बरोबर माझ्यासमोर, आणि माइक माझ्या हातात चालू होता. मी तो बाजूला करायला हवा होता. केला नाही. उलट जरा पुढेच धरला.

"कोन म्हणते हा बाहेरचा हाये?" मैदानाच्या चारी भोंग्यांतून आवाज घुमला, तशी ती दचकली, पण थांबली नाही. "बाहेरचा हाये तं मायी टाकी कोन वाहू देते रोज? मोटर लावते आन पंप खोलत बसते, पानी गल्लीभर! मी बोलली का कधी? जवाई म्हून दात खाऊन बसली. दूध उघडं ठेवते, मांजर पेते, मी म्हणते जाऊ दे. पंपाचं औषध लागलेल्या हातानं माया माठात गिलास बुडवते! बाहेरच्या माणसाची हिंमत व्हईन का माया माठाले हात लावाची?"

मैदान हसायला लागलं. नीलिमानं तोंडाला पदर लावला होता.

"हासू नोका! आन रात्री? रात्री झोपेत बडबडते हा. सरक म्हणते, डावीकडं सरक, फुडं टाक म्हणते. भितीच्या अल्याड मले झोप नाही लागत त्याच्या वरडण्यानं. मी नीलिमाले इचारलं, काय बोलते हा? तं म्हणे, आई, फिल्डिंग लावतात." तिनं अश्वजितकडे वळून पाहिलं. "दिवसा तुमी पोट्टे त्याले बोलू देत नाही, जवाई जवाई करता, मंग तो रात्री बोलते!"

आता कोणी हसत नव्हतं. ती सुगतकडे वळली. इतकी वर्षं ज्याच्यासमोर तिनं मान वर केली नव्हती, त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"आन तू रे? खुर्चीत कायले बसून राह्यला? तोंड नाही का तुले? मी आसेगावचा हावो म्हून सांगता येत नाही? ऊठ! ऊठ म्हणते ना!"

सुगत इतक्या घाईनं उठला की बाटली पडली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, दोन्ही एकाच वेळी.

हेमसिंगनं कानाला हात लावले. "बस झालं माय. आमची याडी, म्हंजे आमची माय, घरच्याच पोराले असं बोलते. घ्या, खेळू द्या त्याले." आणि अश्वजितनं, टोपी डोक्यावर ठेवून, एकदाचं म्हटलं, "हा सुगत. आमच्या गावचा."

सामना सुरू झाला. पहिलीच ओव्हर उत्कर्षची. हेमसिंगच्या बॅटची कड लागली, बॉल सुगतच्या हातात आला आणि उसळून खाली पडला. हात घट्ट झाले होते, एवढं रडल्यावर होणारच. उत्कर्षच्या तोंडून सवयीनं "जाऊ द्या भा—" इतकं निघालं, आणि तो थबकला. त्यानं चंपाबाईकडे पाहिलं. मग छाती भरून ओरडला, "डोये कोठी होते भाऊजी? लाडू होता ना तो, लाडू! बॉल यायच्या आंधी उठून काहून राह्यले?"

सुगतनं बॉल उचलला, पँटीला पुसला. आणि मग मास्तर सांगत होते तो भोंगा सुटला.

"आन तू लेगवर कायले टाकून राह्यला बे? हेमसिंग लेगलेच मारते, आंधया! ऑफले टाक! ये अश्वजित, झोपला का? दोन पावलं मांगं सरक!"

त्यानंतर तो गप्प झाला नाही. मी माइक बंद करून खाली ठेवला, कारण दोघांचं एकदम ऐकून लोकांचं डोकं उठलं असतं. पुढं त्यानं बसून, अगदी खाली बसून, बॉल येईपर्यंत वाट पाहत दोन स्टंपिंग केली. पण कॅच सुटून वाचलेल्या हेमसिंगनं रन काढायचे ते काढलेच. बॅटिंगला सुगत चांगला जमला होता, तेवढ्यात अश्वजितबरोबर गोंधळ झाला. दोघं एकाच टोकाला. मी श्वास धरून पाहत होतो. अश्वजितनं बॅट क्रीजमध्ये रोवली आणि ओरडला, "तुमचा कॉल नव्हता भाऊजी, जा!" सुगत रनआउट झाला, आणि मैदान सोडेपर्यंत मागे वळून वळून भांडत राहिला. आसेगाव हरलं, थोडक्यात हरलं.

सामना संपल्यावर मी मुद्दाम त्यांच्या टेम्पोपाशी गेलो. लिंबाच्या सावलीत पोरं रांगेनं बसली होती आणि चंपाबाईनं भाकरीचं गाठोडं सोडलं होतं. आमच्याकडे पंगतीत जवाई असला की पहिलं वाढणं त्याचं, त्यानं घास घेतल्याशिवाय कोणी हात लावत नाही. सुगत मधे बसला होता. चंपाबाईनं टोकाला बसलेल्या उत्कर्षपासून सुरुवात केली. भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. सुगतपाशी आली तसा त्यानं हात पुढं केला.

"तू थांब," ती म्हणाली. "कॅच कोनं सोडला?"

त्यानं हात मागं घेतला. कोणी उठून त्याच्यासाठी भांडलं नाही, सगळे जेवायला लागले. नीलिमा माझ्या शेजारी उभी होती, ती डोळे पुसत होती, आणि खरं सांगतो, मीही पुसले. सगळ्यांचं वाढून झाल्यावर गाठोड्यात एक मोडकी भाकर उरली, तीवर चंपाबाईनं भांड्याला लागलेला झुणका खरवडून टाकला आणि त्याच्या हातावर ठेवली. सुगतनं मोठा घास घेतला आणि भरल्या तोंडानं उत्कर्षला लेगवरचा बॉल समजावून सांगायला लागला. उत्कर्ष ऐकत नव्हता. "आंधी तुमी कॅच धरा, मंग शिकवा," असं म्हणून तो ठेचा मागत होता.